ग्लेन अ‍ॅबीचे अठरा होल : दरीत उतरताना आणि वर येताना

 आपल्या कार्यक्रमात आज गाणी थोडी कमी आणि गप्पा थोड्या जास्त आहेत. दर मे महिन्यात एक प्रश्न हमखास येतो: "ऑफिसची गोल्फची स्पर्धा आहे, नाव द्यायचं का? मी तर आयुष्यात विटीदांडू आणि क्रिकेटच खेळलोय." बऱ्याच जणांच्या मनात याच्या मागे आणखी एक वाक्य असतं, ते बोलून दाखवत नाहीत: "हा आपला खेळ नाही." माझ्याही मनात ते बरीच वर्षं होतं.

म्हणून आज आपण एक अख्खा कोर्स पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत फिरून येऊ. कोर्स निवडलाय ओकव्हिलचा ग्लेन अ‍ॅबी. मिसिसागा, मिल्टन, ओकव्हिलमधली आपली मंडळी डॉर्व्हल ड्राइव्हवरून जाताना त्याच्या शेजारून जातात. आजूबाजूला घरं, शाळा, दुकानं आणि मधोमध हे हिरवं मैदान. सभासद नसलेल्यांनाही इथे पैसे भरून खेळता आलेलं आहे. दर मात्र साध्या म्युनिसिपल कोर्सपेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा जाण्याआधी फोन करून चौकशी करा. आज सांगणार आहे ते तुमच्या घराजवळच्या साध्या कोर्सवरही तितकंच उपयोगी पडेल.

आधी थोडा इतिहास. हा कोर्स जॅक निकलॉस यांनी आखला आणि तो १९७६ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी इथे कॅनेडियन ओपन भरली आणि ली ट्रेव्हिनो जिंकला. २०१८ पर्यंत ही स्पर्धा इथे ३० वेळा झाली. गंमत अशी की खुद्द निकलॉस या स्पर्धेत सात वेळा दुसरे आले, पण ती एकदाही जिंकले नाहीत. कोर्स आखताना त्यांनी प्रेक्षकांचा विचार केला. क्लबहाउस मध्यभागी आणि चाकाच्या आऱ्यांसारखे होल बाहेर जाऊन परत येणारे, म्हणजे फार पायपीट न करता लोकांना बरंच पाहता यावं. या मैदानाच्या एका बाजूने खोल दरी जाते आणि दरीतून वाहते सिक्स्टीन माइल क्रीक. ही नदी ओकव्हिलच्या बंदराजवळ लेक ऑन्टारिओला मिळते. अकरा ते पंधरा हे पाच होल त्या दरीत आहेत. या कोर्सची खरी परीक्षा तिथेच होते.

आता नव्या मंडळींसाठी चार शब्द. जिथून पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्याच्या कडेचं वाढलेलं गवत म्हणजे रफ आणि वाळूचा खड्डा म्हणजे बंकर. जिथे भोक आणि झेंडा असतो ती गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. चांगल्या खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत संपवावा हा आकडा म्हणजे पार. तो तीन, चार किंवा पाच असतो. एक फटका जास्त लागला तर बोगी, एक कमी लागला तर बर्डी. अंतर यार्डात मोजतात. आपल्याला ते सोपं आहे, कारण क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. २२० यार्ड म्हणजे दहा खेळपट्ट्या.

ऑफिसच्या स्पर्धा बहुतेक वेळा स्क्रॅम्बल पद्धतीच्या असतात. चौघांनी फटका मारायचा, त्यातला सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनीही तिथूनच मारायचा. म्हणजे तुमचे दहा फटके वाया गेले तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि तुम्ही एक लांब पट बुडवलात तर दिवसभर कौतुक होतं. तेव्हा नाव बिनधास्त द्या.

पहिला निर्णय टीवर पोचण्याआधीच घ्यायचा असतो: खेळायचं कुठल्या टीवरून? प्रत्येक होलला वेगवेगळ्या रंगांच्या चार-पाच टी असतात. स्पर्धेच्या मागच्या टीवरून ग्लेन अ‍ॅबी ७,२०० यार्डांहून लांब आहे. एक ठोकताळा लक्षात ठेवा. पाच नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू जितका जातो त्याला ३६ ने गुणा. १३० यार्ड जात असेल तर उत्तर आलं ४,६८०. साधारण तेवढ्या एकूण लांबीची टी आपली. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा काही नाही, मागच्या टीवरून खेळून मागच्या चौघांना ताटकळत ठेवण्यात आहे.

चला, पहिल्या होलवर. इथे क्लबहाउसजवळची मंडळी बघत असतात, हात थरथरतात. पिशवीतला सर्वांत लांब क्लब म्हणजे ड्रायव्हर, तो आत्ता काढू नका. जो क्लब दहापैकी सात वेळा सरळ जातो तो घ्या. क्रिकेट खेळलेल्यांची एक खोड असते: चेंडू येईल तसा आपण खेळतो, इथे तर चेंडू जागचा हलत नाही, म्हणून आपण त्याला जोरात मारायला जातो. जोर निम्मा करा. पहिल्या आणि दुसऱ्या होलवर एवढंच काम करायचं: चेंडू फेअरवेवर ठेवायचा, ग्रीनजवळ आणायचा, बोगी घेऊन समाधानाने पुढे जायचं.

तिसरा होल पार तीन, आणि समोर पाणी. मागच्या टीवरून साधारण १६० यार्ड. इथे चूक एकच होते: क्लब तोकडा पडतो. आपला एकदाच कधीतरी १४० यार्ड गेलेला फटका आपल्याला आठवतो आणि रोजचा १२० चा आपण विसरतो. पाण्यावरून मारताना रोजचा आकडा धरा आणि त्याहून एक क्लब मोठा घ्या. चेंडू ग्रीनच्या मागे गेला तर तो हळूच परत आणता येतो. पाण्यात गेला तर एक फटका दंड पडतो.

पाण्याचा नियम इथेच सांगून टाकते. पाण्याच्या कडेला लाल किंवा पिवळ्या खुणा असतात. दोन्हींमध्ये दंड एक फटका. पिवळी खूण असेल तर पुन्हा आधीच्या जागेवरून मारा, किंवा चेंडूने पाण्याची हद्द जिथे ओलांडली ती जागा आणि झेंडा एका रेषेत धरून हवं तितकं मागे या. लाल खूण असेल तर तिसरी सोय मिळते: हद्द ओलांडली तिथून दोन क्लब लांबीच्या आत, झेंड्याच्या जवळ न जाता, चेंडू टाका. टाकताना हात गुडघ्याच्या उंचीवर हवा.

चौथा, पाचवा, सहावा आणि आठवा यांच्याबद्दल फार बोलत नाही. हे वरच्या सपाटीवरचे होल आहेत. तिथे बंकर आपली वाट बघत असतात. बंकरमध्ये गेलात तर फटक्याआधी क्लब वाळूला टेकवायचा नाही, चेंडूच्या दोन बोटं मागे वाळूवर मारायचं आणि बाहेर आल्यावर दाताळ्याने वाळू सारखी करायची. चेंडू हरवला तर शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हरवलाय अशी शंका आली तर शोधायला जाण्याआधीच दुसरा चेंडू मारून ठेवा. त्याला प्रोव्हिजनल म्हणतात आणि तसं तोंडाने सांगावं लागतं.

सातवा होल पुन्हा पार तीन, पण लांब. २०१७ च्या कॅनेडियन ओपनमध्ये याच होलला 'द रिंक' असं नाव देऊन भोवती आइस हॉकीसारख्या फळ्या लावल्या होत्या आणि लोकांनी आरडाओरडा करायचा होता. एरवी गोल्फमध्ये कोणी मारत असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा चेंडू इथे एका फटक्यात ग्रीनवर पोचत नाही. मग पोचवायचा हट्ट कशाला? ग्रीनच्या अलीकडे ठेवा, तिथून हलकेच चढवा.

नवव्याच्या ग्रीनजवळ तळं आहे. दुसरा फटका मारताना झेंड्याकडे बघू नका. पाणी नसलेली बाजू बघा. दहावा लांब आहे, तीन फटक्यांत ग्रीन गाठायचं ठरवूनच सुरुवात करा. इतक्यात निम्मा खेळ झाला. पाणी प्या, जवळचा लाडू खा आणि अकराव्या टीवर या.

मंडळी, अकराव्याची टी कड्याच्या टोकावर आहे. खाली दरी, दरीत फेअरवे आणि तो संपतो तिथे, ग्रीनच्या अगदी आधी, आडवी गेलेली नदी. मागच्या टीवरून हा पार चारचा होल साधारण ४५० यार्डांचा आहे. पहिल्यांदा इथे आले ते ऑफिसच्या तिघांबरोबर. तिघांनी ड्रायव्हर काढला, मीही काढला. पहिला चेंडू उजवीकडच्या झाडीत गेला. दुसरा खाली पोचला, पण तिथून मी ग्रीनवर मारायला गेले आणि एकामागून एक तीन चेंडू नदीत घातले. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, सेट विकून टाक.

सेट विकला गेला नाही, कारण त्या जूनमध्ये साताऱ्याहून बाबा आले. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातला बराच काळ खंबाटकीच्या घाटातून. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी चालणं सोडलं होतं आणि दिवसभर खिडकीत बसायचे. त्यांना बाहेर काढायचं म्हणून मी जवळच्या छोट्या नऊ होलच्या कोर्सवर नेलं. हळूहळू ते मारायला शिकले. फार तर शंभर यार्ड, पण सरळ. वय ७४.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना ग्लेन अ‍ॅबीला नेलं, सोबत माझा तेरा वर्षांचा मुलगा. कड्यावर उभं राहून बाबांनी पाच मिनिटं खाली नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "अगं, घाटात गाडी चढवताना जो गिअर, तोच उतरताना. उतार दिसला म्हणून कोणी गाडी सोडून देतं का? आधी सांग, नदीच्या अलीकडे गाडी थांबवायची कुठे?"

अकराव्याचं उत्तर तेच आहे. होल टीकडून वाचायचा नाही, ग्रीनकडून उलटा वाचायचा. नदी ओलांडणारा फटका तुम्हाला कुठल्या अंतरावरून हमखास जमतो? समजा ८० यार्डांवरून. मग त्याच्या आधीचा फटका ८० यार्डांच्या खुणेवर आणून थांबवायचा, आणि टीवरचा फटका त्याच्या आधीची जागा गाठायला. उंचावरून मारल्यामुळे चेंडू हवेत जास्त वेळ राहतो. थोडा जास्त लांब जातो, आणि वाकडा गेला तर जास्त वाकडाही जातो. म्हणून इथे जोर नको.

बाबांनी त्यांच्या पुढच्या टीवरून लहान लहान फटके मारले, नदीच्या अलीकडे थांबले, एक उंच फटका मारून पलीकडे गेले आणि सातात संपवलं. एकही चेंडू भिजला नाही. मला त्या दिवशी आठ लागले. नातवाने कार्डावर दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात लिहिले.

बारावा पार तीन, मागच्या टीवरून २०० यार्डांच्या आसपास, आणि पुन्हा नदीपलीकडे. तुमच्या टीवरून हमखास पार होणारं अंतर असेल तर मारा. नसेल तर मोकळ्या मनाने दंड गृहीत धरा किंवा नदीच्या अलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे थांबा. चेंडू झाडीत गेला तर त्याच्या मागे जाऊ नका. ऑन्टारिओत नदीकाठच्या झाडीत पॉयझन आयव्ही आणि गोचिड्या असतात. चार डॉलरच्या चेंडूसाठी आठवडाभर खाजवत बसावं लागेल.

तेरावा लांबलचक पार पाच, साडेपाचशे यार्डांच्या घरात, आणि नदी पुन्हा ग्रीनच्या समोर. दोन फटके बरे गेले की इथे डोक्यात हवा जाते. अकराव्यावर शिकलेला धडा इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो: आपल्या हमखास अंतरावर थांबा आणि मग ओलांडा.

चौदावा मला सर्वांत अवघड वाटतो. पार चार, उजवीकडे वळणारा, आणि टीवरूनच नदी तिरकी ओलांडायची आहे. जितकं उजवीकडे माराल तितकं होल छोटं होतं, पण पाण्यावरून जाण्याचं अंतर वाढतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई, ती या टीवर लावायला हवी. डावीकडची रुंद बाजू घ्या. होल लांब पडेल, पण तुम्ही कोरड्या पायांनी पलीकडे असाल.

पंधरावा छोटासा पार तीन, १४० यार्डांच्या आसपास. ग्रीन मागून पुढे जोरात उतरतं. चेंडू झेंड्याच्या वरच्या बाजूला राहिला तर हलका धक्कासुद्धा त्याला खाली खाली नेतो. म्हणून झेंड्याच्या अलीकडे राहा, पट चढावर मारायला मिळू द्या. ग्रीनवर दोन रीती पाळा: चेंडू पडून खड्डा झाला असेल तर तो बुजवा, आणि दुसऱ्याच्या चेंडू ते भोक या रेषेवर पाय देऊ नका.

दरीत एक गंमत बघायला विसरू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लेक ऑन्टारिओतून सामन मासे अंडी घालायला या नदीत वर चढतात. माझ्या मुलाला त्या दिवशीचा कुठलाही फटका आठवत नाही, मासे मात्र आठवतात.

पंधराव्यानंतर दरीतून वर यायचं. इथवर अंग थकलेलं असतं, आणि शेवटच्या तीन होलमध्ये दोन पार पाच आहेत. सोळाव्यावर तीन समान, शांत फटके ठेवा. सतरावा पार चार आहे आणि त्यावर बंकरांची रांगोळी घातलेली आहे. टीवरून लहान क्लब घेतला तर त्यातले बरेचसे तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

आणि अठरावा. पार पाच, मागच्या टीवरून सव्वापाचशे यार्डांच्या आसपास, ग्रीनच्या उजव्या अंगाला आणि पुढे तळं. सप्टेंबर २००० मध्ये कॅनेडियन ओपनच्या शेवटच्या दिवशी टायगर वुड्स इथे उजवीकडच्या बंकरमध्ये सापडला होता. झेंडा २१८ यार्डांवर, म्हणजे दहा खेळपट्ट्या दूर, आणि मध्ये पाणी. त्याने सहा नंबरचं आयर्न काढलं आणि वाळूतून चेंडू थेट झेंड्याच्या पलीकडे टाकला. ग्रँट वेटला एका फटक्याने मागे टाकून तो जिंकला. यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि कॅनेडियन ओपन एकाच वर्षी जिंकणारा ट्रेव्हिनोनंतरचा तो दुसरा.

ही गोष्ट ऐकल्यावर प्रत्येकाला तो फटका मारून बघावासा वाटतो. माझ्या मुलालाही वाटला. त्याने विचारलं, "आजोबा, मारू?" बाबा म्हणाले, "तुझ्याकडे चेंडू किती उरलेत?" एक उरला होता. तो थांबला, चेंडू तळ्याच्या अलीकडे ठेवला, मग डावीकडून ग्रीनवर नेला आणि सातात संपवला. एक चेंडू घेऊन घरी आला.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. २०१५ मध्ये कोर्सच्या मालक कंपनीने, क्लबलिंकने, इथे गोल्फ बंद करून तीन हजारांहून अधिक घरं बांधायची योजना पुढे आणली. ओकव्हिलच्या कौन्सिलने २०१७ मध्ये या जागेला वारसा म्हणून संरक्षण दिलं, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि जुलै २०२१ मध्ये कंपनीने योजना मागे घेतली. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. या भागात घर घेताना आपल्यापैकी अनेकांची काय दमछाक झाली ते आपल्यालाच ठाऊक. पण आजोबा, आई आणि नातू एकाच दिवशी, एकाच मैदानावर, आपापल्या टीवरून, एकमेकांशी बरोबरीने खेळू शकतात अशा जागा फार नसतात. क्रिकेटमध्ये ७४ व्या वर्षी बाबांना कोणी संघात घेतलं नसतं.

बाबा सप्टेंबरमध्ये साताऱ्याला परत जातात. गुडघ्याचं ऑपरेशन यंदा करायचं ठरलंय, पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर काय म्हणतात ते बघू. त्यांचे सात क्लब गॅरेजमध्ये पुसून ठेवले आहेत.

तर मंडळी, ऑफिसच्या यादीत नाव द्या. घरी आई-बाबा आले असतील तर त्यांनाही एका संध्याकाळी जवळच्या नऊ होलच्या कोर्सवर न्या. ढग गडगडले, भोंगा वाजला तर खेळ तिथेच सोडून आत या. आणि तुमच्या घराजवळच्या कोर्सवरचा तुम्हाला छळणारा होल कुठला, तो फोन करून नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.